परदेशात नेट हवंय? आधी नंबर आणि डेटा वेगळे करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १५ दिवसांत पॅरिस, मग स्वित्झर्लंड, शेवटी इटली. बरोबर आई. नकाशे, व्हॉट्सअ‍ॅप आणि बँकेचे ओटीपी एवढं चाललं की पुरे. तर घरच्या कंपनीचं रोमिंग घ्यावं, तिथलं सिम घ्यावं की ई-सिम?

तिघांतलं एकच घ्यायचं, असं तुम्ही धरून चाललात आणि घोडं तिथेच अडतंय. आपल्या सिमवर दोन वेगळी कामं चालतात. एक, तुमचा नंबर: ओटीपी त्यावर येतात, लोक तुम्हाला त्यावर शोधतात. दुसरं, डेटा. एरवी दोन्ही एकाच सिमवर असतात, म्हणून आपल्याला ती एकच वस्तू वाटते. सीमा ओलांडली की दोघांचे भाव वेगळे होतात. नंबर जिवंत ठेवायला फारसं काही लागत नाही. महाग पडतो तो डेटा. म्हणून नंबर घरचा ठेवा आणि डेटा दुसरीकडून घ्या.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. पहिल्या प्रवासात उतरल्या उतरल्या तिथलं सिम घेतलं, घरचं काढून पासपोर्टच्या कव्हरमध्ये खोचलं आणि स्वतःवर खूश झालो. चौथ्या दिवशी फलाटावर उभं राहून तिकीट काढतोय, तर बँकेने ओटीपी पाठवला तो कव्हरमधल्या नंबरवर. ट्रे उघडायची पिन हॉटेलात. शेजारच्या एका बाईंनी कानातलं काढून दिलं, त्याच्या काडीने ट्रे उघडला, नखाएवढं सिम फरशीवर पडलं, ते शोधलं, घातलं, फोन चालू झाला. तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवायला नेट हवं, आणि नेट होतं आता हातात असलेल्या दुसऱ्या सिममध्ये. गाडी गेली.

तेव्हा घरचं सिम फोनमधून हलवायचंच नाही. त्याची लाइन चालू, त्याचं डेटा रोमिंग बंद. बहुतेक कंपन्या रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत, पण तुमची घेते का ते निघण्याआधी विचारा. आणि हेही विचारा की पॅक न घेता नंबर परदेशात नेटवर्क पकडेल का. प्रीपेडवर आंतरराष्ट्रीय रोमिंग मुळातच बंद असू शकतं. ते चालू करायलाही ओटीपी लागला तर परदेशातून काहीच करता येत नाही. येणारे फोन मात्र शक्यतो उचलू नका, त्यांचे पैसे लागू शकतात. व्हॉइसमेल किंवा कॉल डायव्हर्ट असेल तर निघण्यापूर्वी बंद करा. न उचललेला फोन तुमच्यापर्यंत येऊन परत व्हॉइसमेलकडे जातो, आणि काही कंपन्या या जाण्या-येण्याचे दोन कॉल धरतात.

डेटासाठी तुमच्या प्रवासाला ई-सिम योग्य. ई-सिम म्हणजे फोनमध्ये कायमची बसवलेली एक चिप. कंपनीची ओळख त्यात क्यूआर कोडने उतरवून घेतात. फोनमध्ये ते पहिल्यांदा आलं गूगलच्या २०१७ च्या पिक्सेल २ फोनमध्ये, आयफोनमध्ये २०१८ पासून. तुमच्या फोनमध्ये आहे का ते बघायला *#०६# डायल करा. ३२ आकडी ईआयडी, म्हणजे ई-सिम चिपचा ओळख क्रमांक, दिसला तर बहुधा आहे; मग सेटिंगमध्ये ‘अ‍ॅड ई-सिम’ असा पर्याय आहे ना, तेही पाहून घ्या. दुसरी अट, फोन अनलॉक्ड हवा. हप्त्यावर किंवा करारावर घेतलेले फोन त्या कंपनीलाच बांधलेले असू शकतात. आयफोनमध्ये ‘जनरल’मधल्या ‘अबाउट’मध्ये कॅरियर लॉकसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं असेल तर काळजी नाही. अँड्रॉइडवर सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघणं.

आता तुमच्या मार्गातली खरी मेख, स्वित्झर्लंड. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात असा नियम आहे की एका सदस्य देशातलं सिम दुसऱ्या सदस्य देशात देशातल्याच दराने चालायला हवं. आइसलँड, नॉर्वे आणि लिश्टेनश्टाइनही त्यात आहेत, आणि या नियमाची मुदत पुढे २०३२ पर्यंत वाढवली आहे. म्हणजे पॅरिसमध्ये घेतलेलं सिम रोममध्ये बिनघोर चालतं. स्वित्झर्लंड संघात नाही, त्यामुळे त्याला हा नियम लागू नाही. ब्रिटनलाही आता नाही. काही कंपन्या हे दोन देश आपणहून पॅकमध्ये धरतात, काही धरत नाहीत. तेव्हा ‘युरोप’ या शब्दावर जाऊ नका, देशांची यादी उघडा आणि तीत स्वित्झर्लंड स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तुम्हाला सगळ्यात महागात पडू शकेल ती हीच एक गोष्ट, म्हणून एवढं लिहिलं.

यादीत ते नसेल तर आणखी एक गंमत होते. फोनला सीमा कळत नाही, त्याला टॉवर कळतो. जिनिव्हा सरोवराचा बराचसा दक्षिण काठ फ्रान्सचा आणि उत्तर काठ स्वित्झर्लंडचा. पाण्यावरून रेंज चांगली लांब जाते. त्यामुळे फ्रान्समध्ये बसून फोनने स्विस टॉवर धरला, असं होऊ शकतं. अशा जागी नेटवर्कची आपोआप निवड बंद करून यादीतून हव्या त्या कंपनीला बोट लावायचं. तिथून निघालात की आपोआप निवड पुन्हा चालू करा. ती विसरलात तर पुढच्या देशात रेंजच येणार नाही.

तिथलं सिम घेण्यात काही चूक नाही. महिनाभर एकाच देशात राहायचं असेल, तिथला नंबर मागणारी अ‍ॅप वापरायची असतील, तर तेच घ्यावं. बऱ्याच देशांत त्यासाठी पासपोर्ट दाखवून नोंदणी लागते. तुर्कीचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. बाहेरून आणलेल्या फोनमध्ये तिथलं सिम घातलं की त्या फोनची नोंदणी केल्याशिवाय १२० दिवसांनी तो तिथल्या नेटवर्कवर बंद पडतो. पर्यटकाला त्याचा त्रास नाही, शिकायला जाणाऱ्याला आहे. तुमच्या १५ दिवसांत तीन देश. त्यातला पहिला तास दुकानाच्या रांगेत घालवू नका.

आईच्या फोनमध्ये ई-सिम नसेल, तर ‘माझाच हॉटस्पॉट देईन’ हा मोह आवरा. दोघी एकत्र असता तोवर हॉटस्पॉट छान चालतो. स्टेशनवरच्या गर्दीत चुकामूक झाली की तुमच्या नेटबरोबर त्यांचंही नेट निघून जातं, आणि नेमकं तेव्हाच ते हवं असतं. त्यांच्या फोनला दोन सिमची जागा असेल तर एका जागी प्रवासाचं साधं सिम घाला. एकच जागा असेल आणि त्यांच्या नंबरवर ओटीपी येणार नसतील, तर घरचं काढून ते घातलं तरी चालेल. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालू राहतं. अ‍ॅपने नवा नंबर दिसल्याचं सांगून ‘बदलू का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणायला मात्र त्यांना शिकवून ठेवा.

ई-सिम घरूनच उतरवून घ्या. त्यासाठी नेट लागतं, आणि विमानतळाच्या फुकट वायफायवर विसंबू नका. ते कधीकधी स्थानिक नंबरवर ओटीपी पाठवतं, म्हणजे नेट मिळवायला आधी सिम पाहिजे! पॅकची मुदत कधीपासून मोजतात तेही वाचा. काहींची घरी उतरवल्यापासून सुरू होते, काहींची तिथला पहिला टॉवर धरल्यापासून. ‘एक दिवस’ म्हणजे काय, यातही खोच आहे. कुठे तो पूर्ण २४ तासांचा असतो, कुठे एखाद्या दूरच्या घड्याळाच्या मध्यरात्री संपतो. आणि क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो. ‘नीट चालत नाही, काढून परत घालू’ म्हणून ई-सिम पुसलं तर ते गेलं असंच समजा.

मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते याबद्दल: ‘रेंजच्या काड्या दिसतात, पण नेट नाही.’ दहातल्या सात वेळा कारण एकच असतं. रोमिंग म्हणजे बिल, ही भीती मनात इतकी बसलेली असते की माणूस ई-सिमचंही डेटा रोमिंग बंद ठेवतो. पण प्रवासाचं ई-सिम बहुतेक वेळा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं, तिथल्या टॉवरवर तेच पाहुणं असतं. त्यामुळे ई-सिमचं डेटा रोमिंग चालू आणि घरच्या सिमचं बंद, असंच हवं. शिवाय मोबाइल डेटासाठी ई-सिमचीच लाइन निवडलेली हवी. गरज पडली तर डेटा आपोआप दुसऱ्या लाइनवर नेण्याची सोय फोनमध्ये असते, ती बंद करा. नाहीतर बोगद्यात ई-सिमची रेंज गेली की फोन गुपचूप घरच्या सिमकडे वळू शकतो. एवढं करूनही नेट आलं नाही तर कंपनीने कळवलेलं एपीएन, म्हणजे तिच्या नेटला जोडण्यासाठी मोबाइल डेटाच्या सेटिंगमध्ये भरायचं नाव, जसंच्या तसं भरा, फोन बंद करून चालू करा, मग हाताने दुसरं नेटवर्क निवडा. याच क्रमाने.

आता थोडं आतलं. रोमिंगमध्ये टॉवर तिथला असला तरी तुमचा डेटा सहसा आधी सिमच्या मूळ कंपनीकडे जातो आणि तिथून इंटरनेटवर बाहेर पडतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. मूळ कंपनीचं ठिकाण ८,००० किलोमीटरवर असेल, तर जाऊन यायलाच ८० मिलिसेकंद लागतात, आणि खरी वाट याहून वाकडीच असते. नकाशा बघताना हे जाणवत नाही. व्हिडिओ कॉलवर दोघं एकदम बोलतात आणि एकदम थांबतात, त्यामागे हेही एक कारण असतं. याच वाटेमुळे तुम्ही इटलीत असताना एखाद्या साइटला तुम्ही भलत्याच देशात दिसता. बँकेचं अ‍ॅप अचानक संशय घेऊ लागलं तर घाबरू नका. हॉटेलच्या वायफायवरून पुन्हा उघडून बघा.

हीच वळणाची वाट चीनमध्ये मात्र उपयोगी पडते. मुख्य भूमी चीनमध्ये गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम बंद आहेत. तिथलं सिम घेतलं तर ते उघडत नाहीत. बाहेरच्या देशाचं सिम रोमिंगवर असेल तर डेटा देशाबाहेरून फिरत असल्याने ते सहसा चालतात. हॉटेलचं वायफाय जोडलं की पुन्हा सगळं ठप्प. हा तुमचा रस्ता नव्हे, पण कुणी ना कुणी विचारतंच.

डेटा किती घ्यावा? नकाशे, मेसेज आणि थोडी शोधाशोध यांना फार लागत नाही. डेटा खातात व्हिडिओ आणि फोटोंचे आपोआप होणारे बॅकअप. एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत घेऊ शकतो. बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट फक्त वायफायवर ठेवा, डेटा सेव्हर चालू करा, आईला रोजचा व्हिडिओ कॉल घरी करायचा असेल तर हॉटेलच्या वायफायवरून करू द्या. ‘अमर्याद’ लिहिलेल्या पॅकची बारीक अक्षरं वाचा. ठरावीक वापरानंतर वेग इतका उतरवतात की नकाशाही तुकड्यातुकड्याने उघडतो. काही पॅकवर हॉटस्पॉटलाही बंदी असते.

गूगल मॅप्समध्ये तिन्ही देशांतल्या शहरांचे नकाशे आधीच उतरवून ठेवा. जीपीएसला नेट लागत नाही, ते उपग्रहांवरून चालतं, त्यामुळे निळा ठिपका नेटशिवायही बरोबर जागी दिसतो. फक्त नेट नसताना तो रस्ता सांगतो तो गाडीचाच; पायी वाट किंवा बस-मेट्रो सांगत नाही. हॉटेलचा पत्ता आणि तिकिटं यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, आईच्या फोनवरही.

विमानात आणि जहाजावर फोन फ्लाइट मोडवर. बोटीवर स्वतःचा छोटा टॉवर असू शकतो, तो उपग्रहाला जोडलेला असतो आणि त्याचा दर कुठल्याच देशाच्या पॅकमध्ये बसत नाही. युरोपचा वरचा नियमही तिथे लागू होत नाही. सरोवरातल्या बोटीची गोष्ट वेगळी, तिथे किनाऱ्यावरचीच रेंज मिळते.

आणि घरी उतरलात की ई-सिम लगेच पुसू नका. बऱ्याच कंपन्या त्याच ई-सिमवर पुढच्या वेळी नवा पॅक घालू देतात. डेटाची लाइन तेवढी घरच्या सिमकडे परत फिरवा. ती विसरून बाहेर येऊन टॅक्सी शोधत, नेट नाही म्हणून घरच्या कंपनीला शिव्या घालणारे मी बरेच पाहिलेत. त्यांत एकदा मीही होतो.