मेसच्या जेवणाची स्टोरी टाकली म्हणून कॉलेज माफीनामा लिहून मागू शकतं का?

मागू शकतं. मागायला काय लागतं? तू देऊ नको.

‘लिहून दे, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही’ असं प्राचार्य म्हणाले, असं तू लिहिलंयस. हे ‘नाहीतर’ माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. मी नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात होतो. मे महिना, पारा ४५ ला, युनिव्हर्सिटीचे पेपर तोंडावर आणि हॉस्टेलचा टँकर बंद. कूलरचं सोडा, अंघोळीला पाणी नाही. मी कोरड्या कूलरचा फोटो फेसबुकवर टाकला आणि लिहिलं, ‘फी भरली आहे, कूलर भरायचा बाकी आहे.’ बस, एवढंच. पोट्ट्यांनी रातोरात तो इतका फिरवला की सकाळी केबिनमधून बोलावणं आलं.

प्राचार्य, एचओडी, रेक्टर, तिघंही हजर. टेबलावर टाईप केलेला तयार कागद: मी संस्थेची बदनामी केली, पुन्हा करणार नाही. पाण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. मी म्हटलं, सर, हॉल तिकीट कोणत्या नियमाखाली अडवताय ते लेखी द्या. तर म्हणे, वडिलांना बोलाव. बाबा काटोलहून एसटीने आले, डोक्याला दुपट्टा बांधून, भर उन्हात. आणि केबिनमध्ये पाय ठेवला तसे साहेबांच्या बाजूचे झाले. “लिहून दे ना बाबू, काय जाते तुयं?”

मी सही केली नाही. लेखी काही आलं नाही, येणारही नव्हतं. पेपरच्या आदल्या संध्याकाळी क्लार्कने हॉल तिकीट गुपचूप खिडकीतून सरकवलं. माझ्या रूममेटने फोटो नुसता शेअर केला होता, त्याने मात्र सही केली. पुढे हॉस्टेलात कुठेही खुट्ट झालं की फाईलमधून त्याचाच कागद निघायचा.

बाबा अजूनही म्हणतात, नशीब होतं तुयं. म्हणून त्यांच्यासाठीच हे लिहितो: मे २०२५ मध्ये पुण्याच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरवर पोस्ट टाकली. लगेच काढलीही, माफीही मागितली. माफीने काय टळलं? कॉलेजने काढून टाकलं, पोलिसांनी अटक केली. सोडवलं ते मुंबई उच्च न्यायालयाने. तिचं म्हणणं ऐकून न घेताच काढल्यामुळे कोर्टाने रस्टिकेशन स्थगित केलं आणि तिला परीक्षेला बसायची वाट मोकळी केली. माफीने झाकलं जातं म्हणणाऱ्यांनी ही केस वाचावी.

आता तुझा कायदा. राज्यघटनेचं कलम १९(१)(अ), म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य, सगळ्यांना पाठ असतं, पण ते मुळात सरकारपुढे चालतं, खाजगी कॉलेजपुढे तेवढं सरळ नाही. ऑनलाइन आक्षेपार्ह पोस्टसाठी शिक्षा सांगणारं आयटी कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलंय, तेव्हा त्याची भीती कोणी घातली तर हसून सोड. तुझ्या कामाचे ते यूजीसीचे २०२३ चे नियम. विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावीच लागते, तिच्यावर लोकपाल. समितीकडे अर्ज टाक, पोच घे, तारखेसकट. हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ सिव्हिल लाईन्समध्येच आहे, पण बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. तोंडी दम देणाऱ्यांना स्वतःच्या सहीचा कागद नको असतो.

हां, एक राहिलं. जेवणात अळी नसताना अळी लिहिलं असशील किंवा प्राचार्यांना नाव घेऊन शिवी घातली असशील, तर वरचं सगळं विसर. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीसाठीच आहे. खरं असेल आणि लोकांच्या भल्याचं असेल तर त्यात अपवाद आहे, पण ते सिद्ध करायला मूळ फोटो फोनमध्ये हवा, तो उडवू नको. आणि स्टोरीत पोळ्या वाढणाऱ्या काकांचा चेहरा दिसत असेल तर तेवढा झाक. कंत्राट त्यांनी थोडंच दिलंय.