विणकामातली ‘केबल’: टाका, वेणी की पीळ?

प्रश्न असा आहे: ‘इंग्रजी व्हिडिओ बघून स्वेटरवर केबल घालायला शिकते आहे. आईला फोनवर शंका विचारताना अडतं, कारण केबल स्टिचला मराठीत काय म्हणायचं तेच ठाऊक नाही. एके ठिकाणी दोरखंड टाका असं वाचलं, पण ते आईला कळेना.’

आईंना कळलं नाही यात त्यांचा काही दोष नाही. दोरखंडाकडे नंतर वळू. त्या जोडशब्दात मला आधी खटकतो तो ‘टाका’.

सुयांवरच्या विणकामात मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. केबल म्हणजे स्वेटरवर उभी चढत जाणारी दोरासारखी पिळदार नक्षी. तीत तिसरा टाका कुठेच येत नाही. सहा सुलट टाक्यांची पट्टी असेल तर पहिले तीन टाके न विणता जादा सुईवर घ्यायचे, पुढचे तीन विणायचे आणि मग थांबवून ठेवलेले तीन विणायचे. सगळे टाके साधे सुलटच असतात. बदलतो तो फक्त त्यांचा क्रम. इंग्रजीत ‘स्टिच’ हा शब्द सुईवरच्या एका घरालाही लावतात आणि अख्ख्या नमुन्यालाही. मराठीत हे काम दोन शब्द वाटून घेतात: एक घर म्हणजे टाका, आणि टाक्यांच्या ठरावीक मांडणीतून उमटते ती वीण. आपण ‘जाळीची वीण’ म्हणतो, तशी ही ‘केबलची वीण’. ‘टाका’ म्हटलं की नवशिकी बाई सुई वेगळी कशी घालायची, दोरा कुठून घ्यायचा हे शोधत बसते, आणि शोधण्यासारखं तिथे काही नसतंच.

आता दोरखंड. केबल म्हटलं की आपल्याला टीव्हीची वायर आणि महिन्याला पैसे मागायला येणारा केबलवाला आठवतो, पण हा शब्द विजेच्या कितीतरी आधीचा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जनावराला बांधायचं दावं. पुढे फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन तो जहाजाच्या जाड दोराला लागला. विणीला नाव मिळालं ते त्या दोरावरून. या विणीचे सगळ्यांत प्रसिद्ध स्वेटर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या अरन बेटांवरचे. तिथे प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असे आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख तीवरून पटे, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ती दंतकथा आहे. सिंग या आयरिश नाटककाराच्या १९०४ सालच्या नाटकात बुडालेल्या भावाचा मोजा बहीण टाके मोजून ओळखते, त्यातून ती फुगत गेली असं मानतात. त्या मोज्यावर केबल नव्हतीच, विणताना सुटलेले टाके होते.

तर दोरखंड हे भाषांतर शब्दाला धरून आहे, विणीला धरून नाही. आपल्याकडे दोराच्या जाडीप्रमाणे आणि कामाप्रमाणे शब्द आहेत: सुतळी, सुंभ, दावं, कासरा, चऱ्हाट, दोरखंड. स्वेटरवर यांतलं काहीच दिसत नाही. दिसतो तो या सगळ्यांत असणारा पीळ. म्हणून माझं मत ‘पिळाची वीण’ किंवा नुसतं ‘पीळ’ या बाजूला. शब्द रोजचा आहे. मिशीला पीळ देतात, आतड्याला पीळ पडतो, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. ‘पिळाची अंगठी’ म्हटल्यावर कोणी अर्थ विचारत नाही, तसा पिळाचा स्वेटरही विचारणार नाही.

बऱ्याच जणी ‘वेणी’ म्हणतात. तेही बरोबर, पण सरसकट नाही. वर सांगितलेल्या सहा टाक्यांच्या विणीत तीन-तीनचे दोन पेड असतात आणि ते दर वेळी एकाच बाजूने एकमेकांवरून जातात. दोरी अशीच वळतात. याला वेणी म्हटलं तर शाळकरी मुलगीसुद्धा विचारील, तिसरा पेड कुठे गेला? खरी तिपेडी वेणी नऊ टाक्यांवर घालतात. एकदा पहिल्या सहा टाक्यांत डावीकडे ओलांडायचं आणि शेवटचे तीन साधे विणायचे. काही ओळींनंतर पहिले तीन साधे विणून उरलेल्या सहांत उजवीकडे ओलांडायचं. डोक्यावर घालतो तशीच वेणी सुयांवर उतरते. तेव्हा दोन पेडांचा तो पीळ आणि तिपेडी ती वेणी. हा भेद इंग्रजीतल्या ‘केबल’ या एका शब्दात दिसत नाही, आपल्याकडे बोलता बोलता होतो. तो घालवू नये.

इंग्रजी नमुन्यात ‘सी ६ एफ’ आणि ‘सी ६ बी’ अशा खुणा येतात. सी म्हणजे केबल, सहा म्हणजे टाके, एफ म्हणजे जादा सुई पुढे आणि बी म्हणजे मागे. सुई पुढे ठेवली की वरचा पेड डावीकडे झुकतो, मागे ठेवली की उजवीकडे. मराठीत मी यांना ‘डावा पीळ’ आणि ‘उजवा पीळ’ म्हणेन. ‘पुढचा’ आणि ‘मागचा’ म्हटलं तर स्वेटरचा पुढचा भाग की मागचा, असा नवाच तिढा. उजव्या सोंडेचा गणपती म्हणताना आपण सोंड कुठे वळली आहे तेच सांगतो, ती घडवताना मूर्तिकाराने हात कुठे धरला होता ते नाही. छातीच्या एका बाजूला डावा आणि दुसऱ्या बाजूला उजवा पीळ घातला तर दोन्ही समोरासमोर शोभतात.

मग केबल शब्द टाकायचा का? मुळीच नाही. स्वेटर, मफलर, क्रोशे हे सगळे बाहेरून येऊन घरचे झाले, केबललाही कोणी हाकलणार नाही. प्रश्न आईशी बोलण्याचा आहे, म्हणून फोनवर असं सांगून बघा:

‘दहा टाके घातलेत. सुलट बाजूने दोन उलट, सहा सुलट, दोन उलट. परतताना दोन सुलट, सहा उलट, दोन सुलट. अशा चार सुया झाल्या. पाचव्या सुईला पीळ घालायचा: दोन उलट विणून पुढचे तीन टाके जादा सुईवर पुढे ठेवले, त्यापुढचे तीन सुलट विणले, मग ठेवलेले तीन सुलट, शेवटी दोन उलट. सहावी सुई दुसरीसारखी. पुढचा पीळ अकराव्या सुईला.’

यातली ‘सुई’ म्हणजे ओळ, हे आईंना सांगावं लागणार नाही. जादा सुई नसेल तर सेफ्टी पिन किंवा केसांचा आकडा चालतो. एक मात्र त्यांना जरूर विचारा: नेहमीच्या मापापेक्षा टाके किती वाढवू? पिळाने विणकाम आक्रसतं, त्यामुळे साध्या विणीच्या हिशोबाने टाके घातले तर स्वेटर अंगाला घट्ट होतो. लोकरही थोडी जास्त आणून ठेवा.

राहिलं क्रियापद. पीळ ‘घालायचा’ किंवा ‘द्यायचा’. ‘पीळ पडला’ म्हणालात तर आईंना वाटेल, लोकर गुंतली.