वाचकांचे प्रश्न : पातळ लेपाचा विद्युत रोध कसा मोजावा?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. प्रकल्पासाठी मी इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक लेप दिलेल्या काचपट्ट्या मागवल्या. पाकिटावर ‘२० ओहम प्रति चौरस’ असे छापले आहे, पण मल्टिमीटरचे प्रोब लेपावर टेकवले की कधी ३०, कधी ३५ ओहम दिसतात आणि जोराने दाबले की आकडा उतरतो. काच सदोष आहे का? आणि ‘प्रति चौरस’ म्हणजे चौरस सेंटिमीटर की चौरस इंच? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : काच बहुधा निर्दोष आहे. आपली दुसरी शंका आधी सोडवू, कारण पहिलीचे उत्तर तिच्यातच आहे. पट्टीचा रोध काढताना रोधकतेला लांबीने गुणून रुंदी आणि जाडी यांच्या गुणाकाराने भागतात. पट्टी चौरस असली की लांबी आणि रुंदी समान असल्याने गळून पडतात व रोधकता भागिले जाडी एवढेच उरते. म्हणून एक सेंटिमीटरचा चौरस घ्या किंवा एक मीटरचा, समोरासमोरच्या दोन पूर्ण कडांमधला रोध तेवढाच भरतो आणि चौरसाचे माप सांगण्याची गरजच राहत नाही. या राशीला शीट रेझिस्टन्स म्हणतात. सर्किट बोर्डावरील ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या थरासाठी ती जेमतेम अर्धा मिलिओहम असते.

वरच्या वाक्यातील ‘पूर्ण कडा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मल्टिमीटरचे प्रोब कडेला नव्हे, बिंदूला टेकतात. त्या बिंदूपासून विद्युतधारा लेपात चहूकडे पसरते आणि सर्वाधिक रोध टोकाच्या अगदी लगतच्या भागात भेटतो. मोठ्या पत्र्यावर दोन बिंदूंमधला रोध काढायचा तर शीट रेझिस्टन्सला पाय (π) या स्थिरांकाने भागून, त्या बिंदूंमधील अंतर आणि स्पर्शाची त्रिज्या यांच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगरिथमने गुणावे लागते. त्रिज्या ०.१ मिलिमीटर आणि अंतर १० मिलिमीटर धरले, तर २० ओहमच्या लेपावर सुमारे २९ ओहम येतात. अंतर २० मिलिमीटर केले तरी ३४ च्या आतच. दुप्पट अंतराने जेमतेम साडेचार ओहम वाढतात, आणि स्पर्शाची त्रिज्या निम्मी झाली तरीही नेमके तेवढेच वाढतात! प्रोब दाबल्यावर स्पर्शाची त्रिज्या वाढते, आकडा उतरतो तो यामुळेच. शिवाय टोक आणि लेप यांच्या सांध्याचा स्वतःचा रोधही त्यात मिसळलेला असतो. आपली पट्टी अरुंद असल्याने धारेला पसरायला जागा कमी मिळते, त्यामुळे आकडे याहूनही थोडे चढे येतील.

यावरचा उपाय म्हणजे धारा देणारी टोके आणि विभवांतर (व्होल्टेज) मोजणारी टोके वेगळी ठेवणे. व्होल्टमीटरचा अंतर्गत रोध मोठा, बहुधा १० मेगाओहम असतो, त्यामुळे त्याच्या टोकांतून धारा जवळजवळ वाहतच नाही आणि सांध्याचा रोध मापनातून बाहेर पडतो. अमेरिकेत वेनर यांनी १९१५ च्या सुमारास जमिनीची रोधकता मोजण्यासाठी ही मांडणी वापरली, आणि आपल्याकडे विहीर वा बोअरची जागा ठरवताना जमिनीत चार सळ्या ठोकून जी चाचणी करतात, तिच्यामागे हेच तत्त्व आहे. पुढे १९५४ मध्ये वाल्डेस यांनी ट्रान्झिस्टरच्या जर्मेनियमसाठी तिचा उपयोग केला. चार सुया समान अंतरावर एका रेषेत ठेवून बाहेरच्या दोघींतून धारा सोडली आणि आतल्या दोघींमधले विभवांतर मोजले, की विभवांतर भागिले धारा या भागाकाराला ४.५३२ ने गुणून शीट रेझिस्टन्स मिळतो.

मात्र हा गुणक विस्तीर्ण पत्र्यासाठी आहे. नमुना सुयांमधील अंतराच्या दहापट व्यासाची चकती असेल, तर मध्यावर मोजतानाही ४.१७ हा गुणक घ्यावा लागतो. चाळीसपट व्यासाला ४.५१ चालतो. लहान तुकड्यांवर ४.५३२ डोळे झाकून वापरलेला मी अनेक प्रकल्प-अहवालांत पाहतो, आणि तेथे आठ टक्क्यांची चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आपली काच नेहमीच्या मायक्रोस्कोपच्या पट्टीएवढी, म्हणजे २५ बाय ७५ मिलिमीटरची असेल, तर गुणकाचीही गरज नाही. दोन्ही टोकांना पूर्ण रुंदीभर चांदीच्या वाहक रंगाचा पट्टा द्या आणि ९ व्होल्टची बॅटरी, ८२० ओहमचा रोध व मिलिअँमीटर एकसरीत जोडून सुमारे १० मिलिअँपिअर धारा सोडा. मग मधल्या भागात, लांबीच्या दिशेने एकमेकींपासून बरोबर २५ मिलिमीटरवर दोन सुया टेकवून विभवांतर वाचा. सुयांमध्ये आता नेमका एक चौरस आहे, त्यामुळे विभवांतर भागिले धारा हेच उत्तर. २०० मिलिव्होल्टच्या आसपास वाचन आले, तर पाकिटावरचा आकडा खरा आहे.

प्रश्न : आम्ही इलेक्ट्रॉनिक बोर्ड गुलाबी अँटिस्टॅटिक पिशव्यांत भरतो. पावसाळ्यात चाचणीत उतरलेल्या पिशव्या एप्रिलमध्ये नापास झाल्या. माल बदलला का? (एक लघुउद्योजक, भोसरी)

उत्तर : हवा बदलली, एवढे पुरेसे आहे. या पॉलिथिनमध्ये मिसळलेले रसायन हळूहळू पृष्ठभागावर येते, हवेतील बाष्प धरून ठेवते, आणि त्या ओलसर थरामुळेच स्थिर विद्युतभार वाहून जातो. पुण्याच्या कोरड्या उन्हाळी दुपारी तो थर विरतो. म्हणूनच एएनएसआय/ईएसडी एसटीएम ११.११ या प्रमाणित चाचणी-पद्धतीत नमुना २३ अंश सेल्सिअसला आणि १२ टक्के सापेक्ष आर्द्रतेत ४८ तास ठेवून मग मोजतात. आर्द्रता नोंदवलेली नसेल, तर पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर मी तरी विसंबणार नाही.

येथे मल्टिमीटर कामाचा नाही, कारण स्थिरभार वाहू देणाऱ्या वस्तूचा पृष्ठरोध १० हजार ओहमपासून १०० अब्ज ओहमपर्यंत असू शकतो. समकेंद्री कड्यांचा वजनदार प्रोब आणि १०० व्होल्ट देणारे मापक वापरावे. मिळालेल्या पृष्ठरोधाला १० ने गुणले की प्रति चौरस रोधकता मिळते. हा १० कड्यांच्या व्यासांतून, म्हणजे आतील ३०.५ आणि बाहेरील ५७.२ मिलिमीटरमधून येतो, म्हणून दुसऱ्या मापाच्या प्रोबला तो लावू नये. वायरमनचा ५०० व्होल्टचा मेगरही (वायरिंगच्या आवरणाचा रोध मोजणारे मापक) येथे वापरू नका, कारण अशा पदार्थांचा रोध दिलेल्या व्होल्टेजनुसार बदलतो आणि ते वाचन १०० व्होल्टवर ठरवलेल्या मर्यादेशी ताडून पाहता येत नाही. नापास ठरलेल्या पिशव्यांतील काही नमुने आणि आताच्या खरेदीतील काही नमुने एकाच कोरड्या कपाटात ४८ तास ठेवून एकाच दिवशी मोजा; दोन्ही सारखेच वागले तर पुरवठादाराचा दोष नाही, आणि पॅकिंगच्या खोलीतील आर्द्रतेकडे लक्ष द्यावे लागेल.