वाचक विचारतात : दुकान तिचे, दावा कोणावर?

प्रश्न : माझे यजमान तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला; दुकान मीच बघते. जुन्या अमेरिकेत बायका दुकाने, छापखाने चालवत म्हणे. कायद्याने चालायचे का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : चालायचे, पण लग्न झालेय की नाही हे आधी पाहत. अमेरिकेतल्या इंग्रजांच्या वसाहतींत इंग्रजी कायदा होता. अविवाहित बाई किंवा विधवा म्हणजे ‘फेम सोल’. तिला स्वतःच्या नावाने करार, उधारी, फिर्याद सगळे करता येई. लग्न झाले की माल, रोकड, गल्ल्यातली कमाई नवऱ्याची.

तुमच्यासारखींसाठी पेनसिल्व्हेनियाने १७१८ मध्ये वेगळा कायदा केला. नवरा समुद्रावर असताना दुकान चालवणारी बायको फेम सोल व्यापारी ठरे, आणि नवऱ्याला मध्ये न आणता दावा चाले. हा बायकांचा कळवळा नव्हे. घाऊक व्यापारी या दुकानांना उधारीवर माल देत; नवरा परदेशी, बायकोवर दावा नाही, म्हणजे पैसे बुडालेच. दक्षिण कॅरोलायनात तर हे उघडच दिसते : अशा बाईवर दावा लावायची सोय १७१२ ची, तिने इतरांवर लावायची १७४४ ची!

प्रश्न : विधवेला धंदा आपोआप मिळे का? – मडगाव

उत्तर : नाही. मृत्युपत्र नसेल तर आधी कोर्टाकडून मिळकतीच्या व्यवस्थेचा अधिकार घ्यायचा. मग नेमलेली माणसे दुकानातल्या वस्तूंची किमतीसकट यादी करत. देणेकरी-घेणेकऱ्यांसाठी वर्तमानपत्रात नोटीस, त्यानंतर कर्जफेड. गाडी अडायची ती इथे. कर्ज मोठे असले तर माल आणि अवजारेच विकली जात. नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा ‘डॉवर’ म्हणून तिला हयातभर मिळे, पण तो कायमचा विकता येत नसल्याने त्यावर भांडवल उभे करणे कठीण.

दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहराच्या एलिझाबेथ टिमथीचे उदाहरण पाहा. नवरा वारल्यावर १७३९ पासून ‘साउथ कॅरोलायना गॅझेट’ हे वर्तमानपत्र तिने चालवले, छापले मात्र अल्पवयीन मुलाच्या, पीटरच्या नावाने. बेंजामिन फ्रँकलिनबरोबरच्या भागीदारीच्या करारात वारस म्हणून तोच होता. नवऱ्याचे हिशेब अर्धवट असत. ती दर तिमाहीला चोख हिशेब पाठवी, आणि शेवटी फ्रँकलिनचा वाटाही तिने विकत घेतला. अशा विधवेने पुन्हा लग्न केले तर? आधी करार करून मालमत्ता विश्वस्ताच्या नावे केली नसेल, तर धंदा नव्या नवऱ्याकडे.

प्रश्न : आपल्या गोव्यासारखा अर्धा वाटा तिथे नव्हताच? – फोंडा

उत्तर : डचांच्या न्यू नेदरलँडमध्ये, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कच्या परिसरातल्या वसाहतीत, होता. तिथे पती-पत्नीची मालमत्ता समाईक धरत, आणि लग्नाआधी करार करून ती वेगळीही ठेवता येई. मार्गारेट हार्डेनब्रूक ही जहाजमालक व्यापारी त्याच काळातली. १६६४ मध्ये इंग्रज आले आणि ही मोकळीक हळूहळू गेली. आपल्या गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता समाईक, आणि स्थावर विकायला दोघांच्याही सह्या. मात्र १८६७ च्या मूळ पोर्तुगीज नागरी संहितेत कारभार नवऱ्याकडेच होता, तेव्हा तुलना जपून करावी.