वाचक विचारतात: इंडोनेशियाच्या डोंगरी गावांचे रस्ते

गेल्या अंकात आपण फ्लोरेस बेटावरचं वाए रेबो गाव आणि सुलावेसी बेटावरचा तोराजा भाग यांची ओळख करून दिली होती. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांमध्ये घरांची, चालीरीतींची चौकशी कमी आणि रस्त्याची जास्त आहे. ते योग्यच आहे. या गावांचा बेत रस्ता पाहूनच आखावा लागतो.

*मुलांच्या शाळेमुळे आमच्याकडे उन्हाळ्याची सुट्टी नाहीतर दिवाळी, एवढेच दोन पर्याय आहेत. कोणता निवडावा?*
— एक वाचक, धरमपेठ

उन्हाळा. फ्लोरेसमध्ये साधारण मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो, म्हणजे आपल्याकडे मृग लागतो तेव्हा तिकडचे रस्ते वाळलेले असतात. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, हा आपला फायदा. पुण्या-मुंबईच्या लोकांना तो नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ फ्लोरेससाठी उत्तम. तोराजात पाऊस मेमध्येही रेंगाळतो, म्हणून तिकडे जायचं तर जूनच धरा.

दिवाळी ऑक्टोबरात येत असेल तर चालून जाईल. नोव्हेंबरात असेल तर वाए रेबो सोडून द्या. वाए रेबोचा पेन्ती हा मोठा सण नोव्हेंबरात येतो आणि त्याचा मोह पडतो, पण त्याच सुमारास पाऊसही सुरू होतो. मग पायवाटेवर जळवा आणि डोंगरकडेच्या रस्त्यावर दरडी, दोन्ही आल्याच.

*नकाशात लाबुआन बाजोहून देंगे गाव साडेतीन तासांवर दिसतं. सकाळी विमानाने उतरून संध्याकाळपर्यंत वाए रेबोला पोचता येईल का? गाडी कोणती घ्यावी? आम्ही पाच जण आहोत.*
— एक वाचक, मनीषनगर

नाही पोचणार, आणि तसा प्रयत्नही करू नका. लेम्बोरच्या भातखाचरांपर्यंतचा रस्ता फ्लोरेसच्या मुख्य महामार्गाचा आहे. डांबर चांगलं, वळणं मात्र सतत. तिथून दक्षिणेला नांगालिलीकडे वळून किनाऱ्याने दिन्तोर आणि पुढे देंगे. या टप्प्यात रस्ता अरुंद होतो, मध्येच खडी उघडी पडते, ओढ्यांवर फरशा लागतात. गाडीने एकूण चार ते पाच तास धरा. गाडीरस्ता देंगेतच संपतो; त्यापुढे वाए रेबोपर्यंत पायी चढायला दोन ते तीन तास. विषुववृत्त जवळ असल्यामुळे बारा महिने सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि अंधार झटकन पडतो. आपल्याकडे मे महिन्यात सातपर्यंत उजेड असतो, त्या सवयीने हिशेब केला तर शेवटचा तास जंगलात बॅटरी लावून चालावं लागेल.

म्हणून पहिली रात्र लाबुआन बाजोत काढा. पहाटे पाच-साडेपाचला निघून दहा-अकराला देंगेत पोचा आणि जेवून वर चढा. डोंगरात ढग दुपारनंतर भरतात, हेही सकाळी निघण्याचं कारण. दुसऱ्या दिवशी उतरल्यावर रुतेंग शहराला जायचं असेल तर तोदो गावावरून जाणारा घाट घ्या. जुन्या मांगाराय राजवटीचं ठाणं वाटेतच लागतं.

आता गाडी. इथे बहुतेकांची चूक होते, कारण सगळे फक्त सीटा मोजतात. तिकडे सर्रास मिळणारी टोयोटाची अवान्झा २०२१ च्या नव्या पिढीपासून पुढच्या चाकांवर चालते. पाच माणसं आणि मागे सामान भरलं की चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या खडीवर जागच्या जागी फिरतात. जुनी अवान्झा मागच्या चाकांवर चालणारी, ती अशा चढाला बरी. आपली क्रिस्टा तिकडे इनोव्हा रीबॉर्न नावाने आहे. डिझेल, मागच्या चाकांवर जोर. पाच जणांसाठी तीच मागा. आपली हायक्रॉस तिकडे झेनिक्स. आत बसायला छान, पण तीही पुढच्या चाकांची आणि लांबलचक.

गाडी ड्रायव्हरसकटच घ्या. तिकडेही वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे आपण चालवू असं वाटतं. पण एकपदरी घाटात समोरून ट्रक आल्यावर कुठल्या बाजूचं गवत टणक आहे आणि कुठल्या बाजूला गटार, हे तिथल्याच माणसाला कळतं. ठरवताना चार गोष्टी विचारून घ्या. हा ड्रायव्हर याआधी देंगेला गेला आहे का? टायरला नक्षी किती उरली आहे? स्टेपनीत हवा आहे का? देंगेतल्या रात्रीच्या मुक्कामाचे त्याचे पैसे भाड्यात धरले आहेत का? शेवटचा प्रश्न राहून गेला की हमखास वाद होतो. टाकी अर्धी झाली की जो पंप दिसेल तिथे भरायची. पुढे रस्त्याकडेला बाटल्यांमधून पेट्रोल मिळतं, डिझेलची खात्री नाही.

*मी पल्सरवर चिखलदरा, सेमाडोह, भामरागड केलं आहे. फ्लोरेसमध्ये भाड्याने स्कूटर घेऊ की बाईक? लायसन्सचं काय?*
— एक वाचक, हिंगणा रोड

आधी लायसन्स. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. अर्ज नमुना ४-अ, मुदत १ वर्ष, पासपोर्ट आणि व्हिसा-तिकिटाची कागदपत्रं जोडावी लागतात. तुमच्या मूळ लायसन्सवर गिअरच्या दुचाकीचा शेरा असेल तरच तो परवान्यावर येतो. तो नसेल आणि अपघात झाला, तर प्रवास विमा हात वर करतो. पॉलिसीत दुचाकी चालवण्याबद्दल काय लिहिलं आहे, ते नागपुरातून निघण्यापूर्वीच वाचा.

स्कूटर, म्हणजे तिकडची 'मातिक', घेऊ नका. स्वस्त असते आणि गावातल्या गावात ठीक आहे. पण लांब उतारावर वेग कमी झाला की तिचा क्लच आपोआप सुटतो आणि इंजिनचा ब्रेक मिळत नाही. मग सगळा भार ब्रेकवर. दहा-पंधरा मिनिटं सतत दाबून धरला की डिस्क तापते, ब्रेक ऑइल उकळतं, लिव्हर मऊ पडतो आणि हँडलपर्यंत येतो. अशा वेळी थांबून अर्धा तास थंड होऊ देणं एवढाच इलाज. खडा चढ आणि मागे माणूस असेल तर पट्टा घसरून जळका वास येतो, तो वेगळाच.

कावासाकी केएलएक्स १५० किंवा होंडा सीआरएफ १५०एल ही ट्रेल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीची बाईक, मिळाली तर उत्तम. गिअर पल्सरसारखेच, पहिला खाली, बाकी वर. सीट उंच असते, तेव्हा दोन्ही पाय टेकतात का हे दुकानातच बघा. ट्रेल बाईक नाही मिळाली तर क्लचलिव्हर नसलेली चार गिअरची 'बेबेक' चालेल; पुढचा पेडल दाबला की गिअर वर जातो. उतरताना दुसऱ्या गिअरवर ठेवा आणि ब्रेक मधून मधून मारा, धरून ठेवू नका.

ताबा घेताना चेन, दोन्ही ब्रेक पॅड, स्पोक आणि हेडलाइट तपासा, चरे-ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा. ट्रेल बाईकला ट्यूबचे टायर असतात. डांबरावर हवा २२ ते २५ पीएसआय, चिखलात १६ ते १८. त्याहून खाली गेलात तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते, किंवा टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. २१ इंची एक ट्यूब सोबत ठेवा; अडचणीत ती मागच्या १८ इंची चाकातही दुमडून बसते, हळू चालवत पुढच्या गावापर्यंत नेते. गावोगाव 'ताम्बाल बान' अशी पाटी दिसेल, ते पंक्चरवाले. ठिगळ तापवून दाबून बसवतात, पक्कं होतं.

भामरागडचा अनुभव कामी येईल, पण मातीत फरक आहे. आपली काळी माती चाकाला लेप देऊन चाक अडवते. तिकडच्या डोंगरातली तांबडी-पिवळी चिकणमाती चाक अडवत नाही, सोडून देते. ब्रेक मारला की बाईक आडवी. गावाजवळच्या खड्या चढांवर सिमेंटचे पट्टे टाकलेले असतात आणि सावलीत त्यांवर शेवाळ धरतं. तिथे पुढचा ब्रेक विसरायचा.

*आम्ही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. उपाशी तर राहावं लागणार नाही?*
— एक वाचक, महाल

उपाशी नाही, पण कंटाळा येईल. भात सगळीकडे. टोफू आणि टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, शहरात सहज मिळतात; डोंगरात भात, पालेभाजी, भोपळा आणि अंडं. नुसतं "दागिंग नको" म्हटलं तर ताटात कोंबडी येते. म्हणून "साया तिदाक माकान दागिंग, आयाम, इकान" असं तिन्ही नावं घेऊन सांगा: मांस, कोंबडी, मासे. लाल चटणी, म्हणजे सांबाल, हिच्यात बहुधा तेरासी ही कोळंबीची पेस्ट असते. तोराजात डुकराचं मांस रोजचं, त्यामुळे भाजी कशात परतली हेही विचारावं लागतं.

वाए रेबोत सामान खालून पाठीवर वाहून नेतात. तुमची शाकाहाराची गोष्ट देंगेतूनच आधी कळवायला सांगा, आयत्या वेळी स्वयंपाकघरात काही उरलेलं नसतं. सोबत जवसाची चटणी, मेतकूट, खाकरा, भाजलेले शेंगदाणे. पॅकबंदच न्या. ताजी फळं, बियाणं विमानतळावर अडवतात.

*वाए रेबोत काय पाळायचं? आणि तोराजातल्या अंत्यविधीला परक्याने जाणं बरं दिसतं का?*
— एक वाचक, सक्करदरा

वाए रेबोच्या वाटेत शेवटी एक छोटा निवारा येतो. तिथे वाटाड्या बांबूचा टोकारा वाजवून पाहुणे आल्याची वर्दी देतो. गावात शिरल्यावर आधी मुख्य घरात जायचं, वडीलधारे पूर्वजांना उद्देशून स्वागताची प्रार्थना म्हणतात, त्यांच्यापुढे ठेवायची रक्कम वाटाड्याला विचारून ठेवायची. तोवर कॅमेरा पिशवीत. हे झालं की फोटोला कोणाची ना नसते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, घरात बूट नाही, मधल्या गोल दगडी चौथऱ्यावर चढायचं नाही. मुलांना चॉकलेटं वाटू नका. द्यायचंच असेल तर वह्या-पेन्सिली वडीलधाऱ्यांच्या हाती द्या.

मुक्काम जरूर करा, धावती भेट व्यर्थ आहे. सात शंकूच्या आकाराची घरं, प्रत्येकाला पाच मजले. खालच्या मजल्यावर माणसं, वर धान्य आणि सामान, त्यावर बियाणं, त्यावर दुष्काळासाठी राखलेला शिधा आणि अगदी टोकाला पूर्वजांचा नैवेद्य. घरांच्या जीर्णोद्धाराला २०१२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. पाहुणे भिंतीकडेने वर्तुळात चटयांवर झोपतात. गाव सुमारे १,१०० मीटरवर, म्हणजे चिखलदऱ्याइतकंच उंच, तेव्हा स्वेटर लागतो. वीज संध्याकाळी काही तास. जेवणासह मुक्काम माणशी सव्वातीन लाख रुपियांच्या आसपास होता. दर वाढतात, चार लाख धरून चला. आपल्या एका रुपयाला साधारण १८० ते १९० रुपिया येतात, म्हणून आकड्याला घाबरू नका.

तोराजातला रांबू सोलो हा विधी खुला असतो आणि पाहुणे आलेले घरच्यांना आवडतात, पण स्थानिक वाटाड्याबरोबरच जा. गडद कपडे, सोबत साखर किंवा कॉफी; सिगारेटचं खोकं द्यायचीही रीत आहे. बसवतील तिथे, बहुधा धान्यकोठाराच्या ओट्यावर, बसायचं. रेडे तिथेच, समोर कापले जातात. हे पाहवणार नसेल, किंवा लहान मुलं बरोबर असतील, तर केते केसू गावातली घरं आणि दर सहा दिवसांनी भरणारा बोलूचा गुरांचा बाजार बघून या. ठिपक्यांच्या पांढुरक्या रेड्याची किंमत ऐकून आपले गुरांचे व्यापारी चक्रावतील.

*तोराजातून शेजारच्या मामासा भागात डोंगरातून जाता येतं म्हणतात. किती कठीण?*
— एक वाचक, काटोल

सुलावेसीच्या मकास्सर शहरातून तोराजातल्या रांतेपाओला रात्रीच्या बसने आठ-दहा तास, ते सोपं. तिथून बित्तुआंगपर्यंत गाडी आणि पुढे पोंदिंगवरून मामासा. चालत साधारण तीन दिवस, गावातल्या घरांत मुक्काम करत. भाड्याच्या दुचाकीवर, म्हणजे 'ओजेक'वर मागे बसून, कोरड्या दिवसांत एका दिवसात होतं. बसायचं तर पाठीवरचं ओझं ८ किलोच्या आत ठेवा. त्याहून जड पिशवी चढावर मागे खेचते आणि चालकाचा तोल जातो. चिखलाच्या तुकड्यात उतरून चालायचं, हे त्याने सांगण्याची वाट पाहू नका. दोन दिवस सलग पाऊस झाला असेल तर हा रस्ता सोडा आणि पोलेवालीवरून फिरून जा.

*माझे गुडघे दुखतात, वय ६१. काहीच बघता येणार नाही का?*
— एक वाचक, वर्धा

फ्लोरेसमधल्याच बाजावा शहराजवळचं बेना गाव बघा. इनेरी ज्वालामुखीच्या पायथ्याशी, गाडी थेट दाराशी जाते. गावात दगडी पायऱ्या आहेत तेवढ्याच. घाटात वळणं फार, म्हणून उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्या. गाडीत पुढचीच सीट मागा.

*पैसे, सिमकार्ड आणि औषधांबद्दल थोडक्यात सांगाल?*
— एक वाचक, कामठी

व्हिसा उतरल्यावर किंवा आधी ऑनलाइन, ५ लाख रुपिया, ३० दिवस. एटीएम लाबुआन बाजो, रुतेंग, बाजावा, रांतेपाओत आहेत, पुढे नाहीत. यंत्रावर ५०,००० की १,००,००० असा स्टिकर असतो. ५०,००० चं निवडा, गावात मोठी नोट मोडत नाही. सिम तेल्कोमसेलचंच घ्या. पूर्वेकडच्या बेटांवर मलेरिया आहे, मच्छरांचं मलम आणि लांब बाह्या हव्यात.

फ्लोरेसमध्ये कुत्र्यांत रेबीज आहे, याकडे लोक दुर्लक्ष करतात. चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लाबुआन बाजो किंवा रुतेंगच्या दवाखान्यात जा. लसीचं नाव आणि तारखा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. उरलेले डोस नागपूरला परतल्यावर मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्या कागदावरून पुरे करता येतात.