नऊ रात्री आणि एकच हॉटेल

प्रिय लेकी,

तू पाठवलेलं सहलीचं कोटेशन काल रात्री जेवण झाल्यावर उघडलं. सांगलीचं कुटुंब, चार माणसं, मे महिना, नऊ रात्री. वर ठळक अक्षरांत ‘संपूर्ण इंग्लंड’. मी जुन्या सवयीनं किमतीआधी मुक्कामाचा रकाना बघतो. नऊच्या नऊ रात्री लंडन, तेही एकाच हॉटेलात. एक दिवस स्टोनहेंज आणि बाथ, एक दिवस ऑक्सफर्ड आणि कॉट्सवोल्ड्स, दोन्ही दिवशी संध्याकाळी परत. म्हणजे तू लंडनच विकलंस, फक्त बसचं भाडं जास्तीचं लावलंस.

वाईट वाटून घेऊ नकोस. दादरच्या त्या दहा बाय बाराच्या ऑफिसात मी पंधरा वर्षं हेच विकलं, आणि ‘काका, मस्त झाली ट्रिप’ म्हणत लोक पेढेही घेऊन आले. पण तीच माणसं पुढच्या खेपेला दुसऱ्याकडे गेली. त्यांच्या दृष्टीनं माझ्याकडचं इंग्लंड संपलं होतं.

फोनवर तू म्हणालीस की गिऱ्हाईक लंडनशिवाय नावच घेत नाही, बाहेरचं काही सुचवलं की विचारतं, ‘तिथं काय आहे?’ या प्रश्नाला आपण सगळेच यादी वाचून दाखवतो. तळं आहे, किल्ला आहे, चर्च आहे. तळं त्यांनी महाबळेश्वरला पाहिलंय. किल्ल्यांचं तर आपल्या माणसाला काही सांगूच नये. त्यांना विचारायचं असतं वेगळंच, फक्त तसं विचारता येत नाही. संध्याकाळी पाच वाजता आम्ही तिथं काय करायचं, जेवायचं कुठं, आणि आईला चालवेल का? लंडनबद्दल हे प्रश्न पडत नाहीत, कारण तिथं कोणाचा तरी भाचा राहतो आणि वेंब्लीला डोसा मिळतो. लंडनबाहेरच्या गावाबद्दल या तिन्हींची उत्तरं तुझ्याकडे नसतील, तर ते गाव कोटेशनमध्ये घालूच नकोस.

दिवसाच्या सहलीवर माझा राग आहे तो उगाच नाही. कॉट्सवोल्ड्समधलं बायबरी घे. ओढ्याकाठची जुनी दगडी घरं, एवढंच गाव. दुपारी तिथं इतक्या बस येतात की गावकरी वैतागलेत. आपली माणसं उतरतात, वीस मिनिटांत चाळीस फोटो काढतात, स्वच्छतागृहाची रांग लावतात आणि चढतात. शेवटची बस गेल्यावर उरतं ते खरं गाव, आणि ते फक्त तिथं झोपणाऱ्याला दिसतं. म्हणून कोटेशन झालं की राजधानीबाहेरच्या रात्री मोज. तीनपेक्षा कमी भरल्या तर वर ‘लंडन’ एवढंच लिही, ‘संपूर्ण इंग्लंड’ नको.

आता तुझ्याच पार्टीकडे येऊ. वडील क्रिकेटवेडे, हे तू ओझरतं लिहिलंयस, आणि पुढे त्यांच्यासाठी लॉर्ड्सची फेरी टाकून मोकळी झालीस. अगं, सचिनचं पहिलं कसोटी शतक कुठं झालं? मँचेस्टरला, ओल्ड ट्रॅफर्डवर, १४ ऑगस्ट १९९० रोजी. नाबाद ११९, वय १७, आणि त्या डावानं आपण कसोटी वाचवली. दोन वर्षांनी यॉर्कशर काउंटीनं बाहेरचा खेळाडू न घ्यायची आपली जुनी रीत मोडून पहिला परदेशी खेळाडू घेतला तो हाच. त्यांचं घरचं मैदान लीड्सचं हेडिंग्ले. तिथंच १९८६ मध्ये वेंगसरकरांनी ६१ आणि नाबाद १०२ केल्या आणि आपण सामना जिंकलो. २००२ मध्ये पुन्हा तिथंच सचिनच्या १९३. त्या गृहस्थांना ‘उत्तर इंग्लंडचं निसर्गसौंदर्य’ म्हणून सांगशील तर ते मोबाइल बघत बसतील. हे सांग, मग कॅलेंडर तेच काढतील.

(एक खबरदारी. ओल्ड ट्रॅफर्ड नावाची मैदानं दोन आहेत, एक क्रिकेटचं, एक फुटबॉलचं, एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ. व्हाउचरवर स्पष्ट लिही, नाहीतर गृहस्थ मँचेस्टर युनायटेडच्या दारात उभे राहून तुला फोन करतील.)

आणि आजी? त्या निवृत्त शिक्षिका आहेत असं लिहिलंयस. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या लेकीला, मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, त्या लंडनमध्ये नव्हे, वाँटेज नावाच्या छोट्या गावात राहिल्या. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकल्या आणि शिकवलंही. तुझी कॉट्सवोल्ड्सची बस त्याच मुलुखात फिरते आणि कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख नाही. या खेपेला चेल्टनहॅम जमणार नाही, पण आजींशी बोलताना हे तुझ्या जिभेवर असू दे. प्रत्येक घराला असा एक धागा असतो. तो सापडेपर्यंत मी दर काढायलाही बसत नाही.

माझी मांडणी अशी असेल: मँचेस्टर एक रात्र, विंडरमिअर (उत्तरेकडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या मुलुखातलं गाव) तीन, यॉर्क दोन, शेवटी लंडन तीन. मुंबईहून मँचेस्टरला थेट विमान जुलै २०२५ मध्ये सुरू झालं. वेळापत्रकं बदलत असतात, तेव्हा त्या तारखांना ते आहे का ते आधी बघ. नसेल तर आखातातून एक थांबा घेऊन जाता येतं. मुद्दा एवढाच, की उतरायचं एका शहरात आणि परतायचं दुसऱ्या शहरातून. लंडनला उतरवलंस तर बाहेरचं सगळं ‘जाऊन येऊन’ होतं आणि पुन्हा पहिलं कोटेशन तयार होतं. लंडन शेवटी ठेवायला आणखी एक कारण आहे, खरेदी. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर भरलेल्या बॅगा घेऊन कोणी तळ्याकाठच्या गेस्टहाउसचे जिने चढू नयेत.

विंडरमिअर सुरुवातीला का, तर मे महिन्यात आपलं घड्याळ त्यांच्या साडेचार तास पुढं असतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांना पहाटे चारला टक्क जाग येते. लंडनच्या हॉटेलात अशा वेळी छताकडे बघत पडावं लागतं. तळ्याकाठी मात्र पाचच्या सुमारास उजाडलेलं असतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं. हा तास मी गेली कित्येक वर्षं विकतोय, आणि तो कुठल्याच ब्रोशरमध्ये नाही. दिवसा तळ्यावर बोटी आहेत. ५५५ नंबरची बस अँबलसाइड, ग्रासमिअर करत केझिकपर्यंत जाते, वरच्या मजल्यावर पुढची जागा धरायला सांग. इंग्लंडात बहुतेक लोकल बसला एका फेरीचे जास्तीत जास्त तीन पौंड, ही मर्यादा २०२५ पासूनची. खासगी गाडी करून द्यायची घाई करू नकोस. पावसाचं मात्र आधीच सांगून टाक. इंग्लंडातलं सगळ्यात ओलं वस्तीचं गाव याच डोंगरांत आहे. महाबळेश्वर पाहिलेल्यांना त्याचं काही वाटत नाही, फक्त छत्रीऐवजी चांगलं रेनकोट-जॅकेट न्यायला सांग, तिथं छत्री उलटी होते.

विंडरमिअरहून यॉर्कला जाताना एक-दोनदा गाडी बदलावी लागते. त्यामुळे माणशी एकच मोठी बॅग, हे बुकिंगच्या वेळीच बजाव. यॉर्कला तटबंदीवरून चालता येतं. रेल्वे म्युझियमला प्रवेशशुल्क नाही, आणि १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारं मॅलार्ड तिथं उभं आहे. लीड्स तिथून अर्ध्या तासाच्या आत. यॉर्कहून लंडन गाडीनं साधारण दोन तास.

रेल्वेचं तिकीट हा या धंद्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. आपल्याकडे सगळे सरसकट रेल पास काढून देतात, कारण ते एका क्लिकचं काम. तीन-चार प्रवासांसाठी आगाऊ तिकीट बहुतेक वेळा स्वस्त पडतं. ती तिकिटं साधारण तीन महिने आधी सुटतात आणि ठरलेल्या गाडीलाच चालतात. गाडी चुकली तर तिकीट गेलं, हे गिऱ्हाइकाला लेखी दे. शिवाय रेलकार्ड नावाचा प्रकार आहे, बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट. साठीवरच्यांसाठी वेगळं, जोडप्यासाठी वेगळं, सोळा ते पंचवीसच्या मुलांसाठी वेगळं. तुझ्या पार्टीत आजी, आईवडील आणि कॉलेजातली मुलगी, म्हणजे चौघंही बसतात. जोडप्याच्या कार्डाला दोघांनी एकत्र प्रवास करावा लागतो आणि ते कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही, तेवढं बघून गाड्या निवड.

जेवणाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथं मी मार खाल्लाय. बऱ्याच वर्षांपूर्वी कोथरूडचं एक जोडपं आणि बायकोचे वडील, अशा तिघांना मी लेक डिस्ट्रिक्टला पाठवलं. गेस्टहाउस फोटोत स्वप्नासारखं होतं. मी फोटोच पाहिला होता. गाडी उशिरा पोचली आणि ते पावणेनऊला दारात गेले. स्वयंपाकघर साडेआठला बंद झालेलं. खोली तिसऱ्या मजल्यावर, उतरत्या छपराखाली, लिफ्ट नाही. आजोबांचे गुडघे गेलेले. ते पहिली रात्र खालच्या बैठकीतल्या खुर्चीवर झोपले आणि तिघांनी मिळून एक चिवड्याचं पाकीट संपवलं. परत आल्यावर त्यांनी भांडण केलं नाही. जावई फक्त म्हणाला, ‘काका, तुम्ही तिथं गेला होता का हो?’ मी गेलो नव्हतो. पुढच्याच वर्षी पदरचे पैसे घालून गेलो.

तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे, तुला माहितीय. प्रत्येक मुक्कामापुढे लिहितो: लिफ्ट आहे का, नसेल तर किती पायऱ्या, शेवटची ऑर्डर किती वाजता, चालत जाण्याइतक्या अंतरावर दुकान आहे का, खोलीत किटली आहे का. त्यांचा ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे आपलाही पहिला मजलाच, तळमजल्याच्या वरचा. आजींसाठी ‘ग्राउंड फ्लोअर’ असंच लिहून घे. चौघांना एक खोली मागू नकोस, तशा खोल्या लहान गावांत दुर्मीळ. शाकाहारी पदार्थ आता खेड्यातल्या पबमध्येही असतात, पण चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध साकळवायला वापरतात तो प्राण्याच्या पोटातला पदार्थ) चालत नसेल तर तसं स्पष्ट विचारावं लागतं. आणि ‘इंडियन रेस्टॉरंट जवळ आहे’ एवढ्यावर खूश होऊ नकोस. त्यातली कितीतरी मूळच्या बांगलादेशातल्या सिल्हेटच्या कुटुंबांची आहेत. जेवण चांगलं असतं, पण आजींच्या मनातला वरणभात तो नव्हे. पहिल्या दिवशी सुपरमार्केट दाखव, दही-ब्रेड-फळं मिळाली की निम्मी कुरकुर बंद होते.

तू टिपेत विचारलंयस, स्कॉटलंड जोडू का? व्हिसा तोच चालतो, वेगळा लागत नाही. तरी या खेपेला नको. नऊ रात्रींत एडिनबरो कोंबलंस तर प्रत्येक दिवशी बॅगा भरणं आलं. पुढच्या वेळेसाठी त्यांच्या मनात काहीतरी शिल्लक राहू दे. तेव्हा विकशील तर ऑगस्ट टाळ, तिथले महोत्सव असतात आणि खोल्यांचे दर डोळे पांढरे करतात. २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांवर एडिनबरोत खोलीच्या दरावर पाच टक्के पर्यटक कर आहे, सलग पहिल्या पाच रात्रींपुरता, तो कोटेशनमध्ये धर. पश्चिमेच्या डोंगरांत उन्हाळाभर मिजेस नावाचं चिलट चावतं, हे लपवू नकोस. आणि ग्लेनफिननच्या एकवीस कमानींच्या पुलावरून जाणारी वाफेची गाडी भरलेली असेल तर हात टेकू नकोस. त्याच रुळांवरून, त्याच पुलावरून साधी रोजची गाडी कमी पैशात जाते. फोर्ट विल्यमहून निघताना डावीकडची खिडकी.

पैशाचं राहिलं. अशा एका कोटेशनला लंडनच्या तिप्पट वेळ जातो, आणि फुकट दिलंस तर लोक तेच घेऊन घरी बसून स्वतः बुकिंग करतात. माझं दोनदा झालंय. आता मी आधी आराखड्याचे पैसे घेतो आणि बुकिंग माझ्याकडे केलं तर ते वळते करतो. काही जण उठून जातात. जाऊ देत.

लंडनला मात्र नावं ठेवू नकोस. तीन रात्री आहेत त्यांच्या, त्या मजेत जाऊ देत.

नवीन कोटेशन गुरुवारपर्यंत पाठव. त्याआधी सांगलीला एक फोन कर आणि आजी घरी सलग किती जिने चढतात ते विचार. त्यांच्या मुलाला विचारू नकोस, तो ‘चालेल चालेल’ म्हणेल. फोन आजींनाच द्यायला सांग.

तुझा,
काका