जर्मनीला निघताना भारतातलं पेन्शन मोडू नका

तुमचे प्रश्न असे: पुण्यातली नोकरी सोडून बायको आणि सहा महिन्यांच्या मुलीसह जर्मनीतल्या कंपनीत रुजू होताय, तर पीएफमधलं पेन्शन काढून घ्यावं का, आणि इथे जर्मनीत पगारातून कापलं जाणारं पेन्शन बुडालं असं समजावं का. दोन्हींचं उत्तर एकच: ‘नाही’.

भारतातल्या कंपनीने पाठवलं असतं, तर ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या, कव्हरेज सर्टिफिकेटवर ४८ महिने इथलं पेन्शन भरावं लागलं नसतं. स्थानिक नोकरीत ती सोय नाही.

आधी पीएफचं पासबुक उघडा. पेन्शनच्या रकान्यात दरमहा रक्कम दिसते का? १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा सभासद झालेल्यांचा मूळ पगार तेव्हा १५,००० च्या वर असेल, तर तो रकाना रिकामाच असतो. भरलेला असेल, तर फॉर्म १०सी भरून पैसे मागू नका, स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे तुमचे पेन्शनचे महिने जपणारा दाखला, मागा. जर्मन पेन्शनला किमान ६० महिने लागतात. १ मे २०१७ पासून लागू झालेल्या भारत-जर्मनी करारामुळे उदाहरणार्थ इथले ४० आणि तिकडचे ३० महिने एकत्र धरता येतात. पैसा हलत नाही, जर्मनी तिच्या ४० महिन्यांपुरतंच पेन्शन देते. पण पैसे उचललेत की तिकडचे महिने संपले.

नावाचा घोळ भारतातून निघण्याआधीच निस्तरा. पासपोर्टवर वडिलांचं पूर्ण नाव, यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नुसतं आद्याक्षर, एवढ्यावर अर्ज अडतो. काही दुरुस्त्यांना कंपनीची मान्यता लागते, ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. इथे बसून हे करताना जीव मेटाकुटीला येतो, म्हणून सिमकार्ड चालू ठेवा.

इथे पेन्शनला पगाराच्या ९.३ टक्के तुमचे, तेवढेच कंपनीचे. ६० महिन्यांच्या आत भारतात परतलात, तर २४ महिन्यांनी फक्त तुमचा वाटा मागता येतो, तोही बिनव्याजी, आणि इथले सगळे महिने पुसले जातात. परतायचं की राहायचं हे माझंही अजून ठरत नाही. म्हणून मी ती रक्कम मागायला सांगणार नाही.

एकटेपणाबद्दलही विचारलंत. पहिला हिवाळा जड जातो, पण घरी बसलेल्या बाईला तो जास्त जड जातो. तिच्या नावावर काहीच जमा होत नाही असं आपण धरून चालतो, याचं मला फार वाईट वाटतं, कारण ते खरं नाही. मूल वाढवण्याची पहिली तीन वर्षं, त्यातली जर्मनीत गेलेली, सहसा आईच्या पेन्शन खात्यात धरली जातात. सरासरी पगारदाराने भरलं असतं, जवळपास तेवढंच. तुम्ही आत्ता आलात तर वहिनींचे साधारण ३० महिने होतात, म्हणजे ६० पैकी निम्मे, एक युरोही न भरता. मात्र हे आपोआप होत नाही. त्यांच्या नावाचा वेगळा पेन्शन विमा क्रमांक घ्या आणि व्ही०८०० हा अर्ज मुलीच्या जन्मदाखल्यासह पेन्शन विमा कार्यालयात द्या.